थंडरबर्ड आणि गायब झालेले मेल: मिरजेहून एक अभिप्राय

मिरज आणि सांगलीतल्या काही लहान व्यवसायांचा पत्रव्यवहार आणि हिशेब मी सांभाळते. सतारमेकर गल्लीतलं तंतुवाद्यांचं एक दुकान, तासगावचे एक बेदाणा व्यापारी, एक करसल्लागार, अशी माणसं. या सगळ्यांच्या संगणकांवर मेलसाठी मी थंडरबर्ड बसवलं आहे आणि स्वतःही रोज तेच वापरते. मेलचा प्रोग्रॅम कसा आहे हे खरं कळतं ते "ताई, इनबॉक्स रिकामा दिसतोय" असा फोन आल्यावर. त्या बाबतीत थंडरबर्ड मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं, आणि त्याच बाबतीत त्यात सुधारायला हव्यात अशा गोष्टीही बऱ्याच आहेत. दोन्ही सांगते.

ज्यांना हा प्रोग्रॅम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थंडरबर्ड मोझिलाचं आहे, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांचं. मुक्त स्रोत, फुकट. पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ मध्ये मोझिलाने यातून बराचसा हात काढून घेतला होता, पण २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्या एमझेडएलए नावाच्या उपकंपनीकडे काम आलं आणि आता ते वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं. २०२३ च्या ११५ क्रमांकाच्या आवृत्तीत त्याचं रूप बरंच बदललं. विंडोजबरोबर मिळणारा साधा मेल प्रोग्रॅम २०२४ च्या डिसेंबरअखेर बंद झाला, तेव्हापासून "आता काय वापरू?" हे मला बरेच जण विचारतात. म्हणूनही हे लिहिते आहे.

जुने मेल हरवले तर काय बिघडतं, हे दुकानाच्या उदाहरणाने सांगते. परदेशातला एखादा गायक दहा वर्षांनी मेल करतो की मागच्यासारखाच तानपुरा हवा. मागचा म्हणजे कसा? सूर काळी चारचा की काळी एकचा, भोपळा केवढ्या घेराचा, तुणीचं लाकूड, जवारी (तारांच्या झंकारासाठी घोडीला दिलेली घडण) उघडी ठेवली होती की बंद, पेटी कशी बांधून पाठवली होती, हे सगळं फक्त त्या जुन्या मेलमध्ये असतं. कारागिराच्या हाताला आठवतं तेवढं आठवतं, माप मेलमध्येच. त्यामुळे तिथला 'जुन्या ऑर्डरी' हा फोल्डर म्हणजे दुकानाचं भांडवल आहे. तो दिसेनासा झाला की घरातल्या सगळ्यांचा चेहरा उतरतो.

आता मुद्द्यावर येते. मेल दिसत नाही म्हटल्यावर मी संगणकाला हात लावण्याआधी एक गोष्ट करते: ब्राउझरमध्ये त्याच खात्याचं वेबमेल उघडून बघते. मेल तिथे असेल तर चिंता संपली, अडचण फक्त दाखवण्याची आहे. मेल तिथेही नसेल तर मात्र थंडरबर्ड उघडायचंच नाही, आधी इंटरनेट बंद करायचं. असं का, ते पुढे सांगते, कारण ती या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

दाखवण्याच्या अडचणी आधी उरकते. डावीकडच्या फोल्डरांच्या पट्टीवर तीन टिंबं असतात, त्यात 'फोल्डर मोड्स' आहे. तिथे 'ऑल फोल्डर्स' काढून चुकून 'अनरेड' किंवा 'फेव्हरिट' निवडलं गेलं की बाकीचे फोल्डर पट्टीवरून निघून जातात. बहुतेक 'फोल्डरच गेले' तक्रारी इथेच सुटतात. फोल्डर आहे पण मेल नाहीत, असं असेल तर वरची क्विक फिल्टर पट्टी बघायची. तिच्यात एक छोटी टाचणी आहे. ती दाबलेली असेल तर गाळणी एका फोल्डरपुरती राहत नाही, तुम्ही जाल त्या फोल्डरला लागते. कोणी 'फक्त अटॅचमेंट असलेले' असं निवडून टाचणी लावली की सगळीकडे मेल कमी दिसू लागतात. व्ह्यू मेनूतल्या 'थ्रेड्स' मध्ये 'अनरेड' राहिलं तरी तसंच. आणि क्रम तारखेऐवजी विषयावर लागला असेल तर आजचा मेल यादीच्या मध्यात कुठेतरी बसतो. माणूस वर आणि खाली बघतो आणि म्हणतो, आलाच नाही.

'ए' या कळीबद्दल वेगळं सांगायला हवं. मेल निवडलेला असताना नुसती 'ए' दाबली की तो मेल न विचारता 'अर्काइव्हज' मध्ये जातो, आणि तिथे वर्षाच्या नावाच्या उपफोल्डरात बसतो. मराठी टाइप करायला म्हणून कोणी मेल लिहायच्या खिडकीत आहोत असं समजून कळा दाबतो, पण संगणकावर निवड अजून यादीवरच असते, आणि मेल एकेक करून निघून जातात. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेड दाबून परत येतात. नंतर लक्षात आलं तर 'अर्काइव्हज' मध्ये त्या त्या वर्षाच्या फोल्डरात मिळतात. हरवत काहीच नाही, पण एवढ्या मोठ्या परिणामाची गोष्ट एका अक्षराच्या कळीवर ठेवणं मला पटत नाही. पहिल्यांदा तरी विचारायला हवं. 'जे' या कळीचंही तेच, ती मेलला जंकचा शिक्का मारते.

फोल्डर ओढला जाऊन दुसऱ्या फोल्डरच्या पोटात जाणं हेही नेहमीचं. दुकानातला तो 'जुन्या ऑर्डरी' एकदा असाच 'कुरिअर' या फोल्डरच्या आत जाऊन बसला होता. कुरिअरच्या नावाशेजारचा बाण मिटलेला, म्हणून कोणाला दिसला नाही. अशा वेळी डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून 'सर्च मेसेजेस' ची खिडकी उघडावी, पूर्ण खातं निवडावं, उपफोल्डरांची खूण लावावी आणि त्या फोल्डरात नक्की असणारा एखादा शब्द द्यावा. मी 'जवारी' दिला. निकालात 'लोकेशन' हा रकाना असतो, त्यात मेल कुठल्या फोल्डरात आहे ते लिहिलेलं असतं. वरच्या मोठ्या शोधपेटीपेक्षा मी या खिडकीवर जास्त विश्वास ठेवते. ती पेटी वेगळ्या सूचीतून शोधते आणि ती सूची अर्धवट राहिलेली असेल तर असलेला मेलही 'नाही' म्हणून सांगते.

सर्व्हरवर (मेल कंपनीच्या संगणकावर) फोल्डर आहे, वेबमेलमध्ये दिसतो, थंडरबर्डमध्ये नाही, असं असेल तर दोन गोष्टी बघायच्या. एक, खात्याच्या नावावर उजवं क्लिक करून 'सबस्क्राइब'. आयमॅपमध्ये (मूळ मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्या यंत्रांवर तेच दिसतात, अशी पद्धत) प्रत्येक फोल्डरला अशी खूण असते आणि ती नसेल तर थंडरबर्ड तो फोल्डर दाखवत नाही. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममधून फोल्डर तयार केला असेल तर ही खूण राहून जाते. दोन, खातं जीमेलचं असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये 'लेबल्स' उघडून प्रत्येक लेबलापुढची 'शो इन आयमॅप' ही खूण तपासायची. ती काढलेली असेल तर थंडरबर्डने कितीही प्रयत्न केले तरी ते लेबल येणार नाही.

इथवरचं कुठल्याही प्रोग्रॅमच्या बाबतीत थोड्याफार फरकाने खरं आहे. थंडरबर्ड मला ज्यासाठी आवडतं ते यापुढचं.

थंडरबर्ड मेल कुठे ठेवतं हे तुम्ही बघू शकता. 'हेल्प' मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे, त्यात 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीसमोर 'ओपन फोल्डर' असं बटण आहे. ते दाबलं की समोर तुमचं सगळं घर उघडतं. 'मेल' नावाच्या फोल्डरात पॉपचे (या पद्धतीत मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवले जातात) आणि 'लोकल फोल्डर्स' चे, म्हणजे फक्त याच संगणकावर असणाऱ्या फोल्डरांचे मेल, 'आयमॅपमेल' मध्ये आयमॅपचे. आत प्रत्येक फोल्डरसाठी दोन फाइली असतात. एक बिनशेपटीची, नुसती 'इनबॉक्स' म्हणून. हिच्यात सगळे मेल एकाखाली एक साध्या मजकुरात लिहिलेले असतात. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात आणि तो थंडरबर्डच्याही आधीपासून चालत आला आहे. दुसरी त्याच नावाची, पण शेवटी एमएसएफ असलेली. ही फक्त अनुक्रमणिका. पडद्यावर आपल्याला जी यादी दिसते ती या अनुक्रमणिकेतून येते.

एवढं एक समजलं की निम्मी भीती जाते. अनुक्रमणिका बिघडली की यादीत मेल कमी दिसतात, तारखा चुकीच्या दिसतात, एका मेलवर क्लिक केलं की दुसराच उघडतो. मेल मात्र मोठ्या फाइलीत जसेच्या तसे असतात. मग फोल्डरवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'रिपेअर फोल्डर'. थंडरबर्ड नवी अनुक्रमणिका बांधतं. किंवा थंडरबर्ड बंद करून एमएसएफ फाइल काढून टाकायची. पुढच्या वेळी ती आपोआप तयार होते. मोठी फाइल किती एमबीची आहे एवढं बघितलं तरी निदान होतं. यादीत पाच मेल आणि फाइल शेकडो एमबीची, म्हणजे मेल आत आहेत.

पण 'रिपेअर' करण्याआधी ते खातं पॉपचं आहे की आयमॅपचं, हे पाहिलंच पाहिजे. पॉपच्या आणि लोकल फोल्डरांत रिपेअर म्हणजे आपल्याच फाइलीवरून नवी अनुक्रमणिका. आयमॅपमध्ये रिपेअर म्हणजे सर्व्हरवरून सगळं पुन्हा आणणं. सर्व्हरवर मेल असतील तर उत्तम. सर्व्हरवरच नसतील तर रिपेअर केल्यावर तुमच्या संगणकावरची प्रतही जाते, कारण थंडरबर्ड सर्व्हरला खरं मानतं.

मघाशी इंटरनेट बंद करायला सांगितलं ते यासाठी. दुकानाचं मेल स्वतःच्या डोमेनवर आहे. ज्या होस्टिंग कंपनीकडे ते होतं तिने सर्व्हर बदलला आणि नव्या सर्व्हरवर जुन्या वर्षांचे फोल्डर आलेच नाहीत. त्या सकाळी दुकानातला संगणक अजून सुरू झालेला नव्हता, हे नशीब. मी फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, संगणक लावू नका, आधी राउटरची वायर काढा." मग तिथे जाऊन इंटरनेटशिवाय संगणक सुरू केला, थंडरबर्डला हात न लावता 'आयमॅपमेल' हा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. थंडरबर्ड आयमॅपचे मेलही संगणकावर उतरवून ठेवतं, ही सोय संगणकावर मुळातच चालू असते, आणि कोणी ती बंद केलेली नव्हती. त्यामुळे तानपुऱ्यांची सगळी मापं त्या पेन ड्राइव्हवर होती.

परत बसवणं फार सोपं निघालं. थंडरबर्ड बंद असताना त्या बिनशेपटीच्या फाइली 'मेल' मधल्या 'लोकल फोल्डर्स' मध्ये टाकायच्या, एमएसएफ मागे ठेवायच्या, आणि थंडरबर्ड सुरू करायचं. फाइली फोल्डर म्हणून समोर येतात. आयात नाही, रूपांतर नाही. मराठी नावांच्या फोल्डरांची जरा गंमत होते: आयमॅपच्या जुन्या नियमाप्रमाणे देवनागरी नाव अँडच्या चिन्हापासून सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत लिहिलं जातं, म्हणून 'जुन्या ऑर्डरी' ओळखू येईना. एकेक उघडून, आत काय आहे ते बघून नावं पुन्हा दिली. नंतर ते फोल्डर ओढून नव्या सर्व्हरवर चढवले. त्या संध्याकाळी दादांनी जर्मनीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेल उघडून वाचून बघितला आणि मग दुकान बंद केलं.

हे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये झालं असतं का? आउटलुक एका मोठ्या फाइलीत सगळं ठेवतं आणि ती फाइल आउटलुकशिवाय सहज उघडत नाही. फक्त ब्राउझरमध्ये मेल वाचणाऱ्याकडे तर प्रतच नसते. थंडरबर्डची इनबॉक्स फाइल मी नोटपॅडमध्ये उघडू शकते आणि आतला मजकूर वाचू शकते. इंग्रजी मेल सरळ वाचता येतात. मराठी मेल बहुतेकदा सांकेतिक अक्षरांत असतात, पण पाठवणारा, तारीख, विषयाची जागा कळते. माझी वस्तू मला कुणाच्या परवानगीशिवाय उघडता येते, याला मी फार मोल देते.

या रचनेचा एक तोटाही आहे आणि तो करसल्लागारांकडे जुलैअखेर, रिटर्न भरण्याच्या ऐन धावपळीत समोर आला. पूर्ण इनबॉक्स एकच फाइल, त्यामुळे त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला की अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइल उचलून कोंडून ठेवू शकतो. तेच झालं. थंडरबर्डने नवी रिकामी इनबॉक्स फाइल तयार केली आणि काही घडलंच नाही असं काम चालू ठेवलं. पडद्यावर त्या दिवसाचे चार मेल. मी अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये बघितलं तर तिथे फाइल होती. थंडरबर्ड बंद केलं, नव्या छोट्या फाइलीचं नाव बदललं म्हणजे आलेले मेल वेगळ्या फोल्डरात सुरक्षित राहतील, जुनी फाइल जागेवर परत आणली, एमएसएफ काढली. मेल परत आले. मग व्हायरस असलेला तो मेल न उघडता काढून टाकला आणि 'इनबॉक्स' वर उजवं क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केलं, म्हणजे डिलीट केलेले मेल फाइलीतून कायमचे पुसले, नाहीतर तो फाइलीत राहिलाच असता.

पुन्हा असं होऊ नये म्हणून सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली अँटिव्हायरसची एक खूण आहे ती लावावी. तिच्यामुळे येणारा प्रत्येक मेल आधी सुटा तपासला जातो. शिवाय अँटिव्हायरसला प्रोफाइलचा फोल्डर वगळायला सांगावं. माझं मत असं की इनबॉक्सची फाइल जागेवर नाही असं दिसल्यावर थंडरबर्डने गुपचूप नवी फाइल करण्याऐवजी ठळक अक्षरांत सांगायला हवं: तुमची फाइल सापडत नाही, शोधू की नवी करू? माणूस घाबरेल, पण योग्य वेळी घाबरेल.

आता 'कॉम्पॅक्ट' बद्दल, कारण मेल खरोखर कायमचे जातात ते इथे. तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा मोठ्या फाइलीतला मजकूर लगेच जात नाही. त्या मेलच्या डोक्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ असते, तिच्यातला आकडा बदलतो, एवढंच. वाचून डिलीट केलेल्या मेलला तिथे ०००९ असं दिसतं. कॉम्पॅक्ट होईपर्यंत मजकूर तिथेच. म्हणजे पॉपच्या खात्यात ट्रॅश रिकामा केला तरी मूळ इनबॉक्स फाइलीत तो मेल सापडू शकतो. थंडरबर्ड बंद करून, फाइलीची एक प्रत बाजूला ठेवून, चांगल्या मजकूर-संपादकात ०००९ चं ०००१ करायचं, एमएसएफ काढायची, सुरू करायचं. तासगावच्या व्यापाऱ्यांचा एका सौद्याच्या बिलाचा मेल असाच मिळाला. म्हणून माझा आग्रह आहे की हवा असलेला मेल डिलीट झाला असं लक्षात आलं की पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये आपोआप कॉम्पॅक्ट होण्याची खूण काढा. वीस मिनिटांनी काढून उपयोग नाही.

त्याच व्यापाऱ्यांचा दुसरा प्रश्न जास्त जुना होता. तासगावच्या दुकानात एक संगणक आणि सांगलीजवळच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात दुसरा, दोन्हीकडे तेच खातं, दोन्हीकडे पॉप. सकाळी जो आधी उघडेल त्याच्याकडे मेल उतरणार आणि सर्व्हरवरून जाणार. पेढीवरचा मुलगा म्हणे मेल आलाच नाही, कोल्ड स्टोरेजवाला म्हणे मी कालच वाचला. दोघंही खरं बोलत होते. पॉपमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ची खूण असते, आणि तिच्याखाली 'जास्तीत जास्त चौदा दिवस' अशी मर्यादाही. ती मर्यादा ज्यांना माहीत नसते त्यांचे मेल पंधरवड्यानंतर सर्व्हरवरून दिसेनासे होतात. एकाहून जास्त यंत्रं असतील तर आयमॅपच ठेवावं, यावर चर्चा नको. मी दोन्हीकडचे जुने पॉपचे मेल 'लोकल फोल्डर्स' मध्ये ठेवले आणि खातं आयमॅपवर नेलं.

आयमॅपमध्येही एक सेटिंग मला धोकादायक वाटतं. खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' खाली डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी अमुक दिवसांपेक्षा जुने मेल काढून टाका असा पर्याय आहे. वाचणाऱ्याला वाटतं संगणकावरची प्रत जाईल. प्रत्यक्षात सर्व्हरवरचे मूळ मेलही जातात. तिथे तसं इंग्रजीत लिहिलेलं आहे, पण बारीक अक्षरांत, आणि आमच्याकडे ते कोण वाचणार? कुठल्याही संगणकावर गेले की हा पर्याय 'काहीही काढू नका' वर आहे ना, हे मी आधी बघते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्येही 'रिटेन्शन पॉलिसी' चं वेगळं पान आहे, तेही बघते.

नवं इन्स्टॉल केल्यावर सगळंच कोरं दिसणं, खाती नाहीत, मेल नाहीत, 'नवं खातं जोडा' अशी खिडकी, हा प्रकार ऐकायला सगळ्यांत भयंकर आणि सोडवायला सगळ्यांत सोपा. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल देतं. बत्तीस बिटचं काढून चौसष्ट बिटचं दुसऱ्या जागी बसवलं की नवं रिकामं प्रोफाइल तयार होऊ शकतं. जुनं तिथेच असतं. 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' मध्ये प्रोफाइलांच्या पानाचा दुवा आहे; तिथे जुनं प्रोफाइल निवडून तेच नेहमीसाठी ठेवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. घाबरून त्या कोऱ्या पडद्यावर खाती नव्याने जोडू नका, नंतर दोन अर्धवट प्रोफाइलं निस्तरावी लागतात.

बॅकअपची सोय आहे. 'टूल्स' मध्ये 'एक्स्पोर्ट' आहे, पण ती दोन जीबीपेक्षा मोठ्या प्रोफाइलला चालत नाही, आणि आमच्याकडे कोणाचंच त्याहून लहान नाही. म्हणून मी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचा फोल्डर हाताने बाहेरच्या डिस्कवर उतरवते. डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएस हवं. जुनं एफएटी३२ फॉरमॅट असेल तर चार जीबीच्या वरची इनबॉक्स फाइल तिच्यावर जात नाही. सुटे मेल हवे असतील तर 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' हे अॅड-ऑन चांगलं आहे, फुकट आहे. करसल्लागारांच्या एका अशिलाचे सगळे मेल वेगळे काढून द्यायला मी तेच वापरते.

एकंदर पाचपैकी चार. एक गुण मी कापते तो न बोलण्याबद्दल. फोल्डर लपला आहे, गाळणी लागली आहे, फाइल जागेवर नाही, सर्व्हरवरून मेल कमी झाले आहेत, हे सगळं या प्रोग्रॅमला आतून कळत असतं आणि तो वापरणाऱ्याला सांगत नाही. एका ओळीची सूचना पुरे झाली असती. चार गुण देते ते मेल आपल्या डिस्कवर, आपल्याला उघडता येतील अशा फाइलींत ठेवण्याबद्दल. ज्यांचं पोट जुन्या पत्रव्यवहारावर आहे अशा सगळ्यांनी, वकील, सर्व्हेअर, निर्यातदार, कारागीर, हे नक्की घ्यावं. दिवसाला दोन-चार मेल आणि तेही ओटीपीचेच असतील, त्यांना याची गरज नाही. जमलं तर थोडी देणगीही द्यावी, मी देते.

आणखी एक विचारणा हल्ली येते म्हणून सांगून ठेवते. अँड्रॉइडसाठी थंडरबर्ड २०२४ च्या ऑक्टोबरात आलं, आधीच्या के-नाइन मेल या अॅपवर बांधलेलं. चांगलं आहे. पण संगणकावरच्या 'लोकल फोल्डर्स' मधलं काहीही फोनवर दिसत नाही, कारण ते कुठल्याच सर्व्हरवर नसतं. फोनवर जुन्या ऑर्डरी हव्या असतील तर आधी संगणकावर बसून ते फोल्डर आयमॅपच्या खात्यात ओढून ठेवावे लागतात, आणि सर्व्हरवर तेवढी जागा विकत घ्यावी लागते.